मेश्राम मॅडम आणि जाहिरातीचे शब्द

ऑनलाइन जाहिरातींच्या धंद्यात वीस-बावीस वर्षं काढूनही मी 'इम्प्रेशन' या शब्दाचा अर्थ चुकीचा सांगितला. तोही आमच्याच सोफ्यावर बसून, पोहे खात, अगदी बिनधास्त.

"चार हजार इम्प्रेशन्स म्हणजे चार हजार लोकांनी जाहिरात पाहिली," मी म्हणालो.

समोर शेजारच्या मेश्राम मॅडम बसल्या होत्या. त्यांनी पेन्सिल थांबवली. "चार हजार वेगळे लोक? की हजार लोकांनी चार-चार वेळा?"

"म्हणजे... तसंही असू शकतं."

"आणि पाहिली, हे कसं कळलं? जाहिरात पडद्यावर आली तेव्हा माणूस भाजीवाल्याशी बोलत असला तर?"

मी पोह्यातली मिरची बाजूला काढण्याचं काम फार मन लावून करू लागलो. आमची ईशा कॉलेजला निघाली होती, ती दारातूनच म्हणाली, "बाबा, फेल!" मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी मांडीवरच्या कार्डावर आधी लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहिलं: 'इम्प्रेशन: जाहिरात पडद्यावर आली. कुणी पाहिली की नाही, ठाऊक नाही.' मग ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "आता बसलं का वाक्य?"

बसलं होतं. आमच्या गुरुग्रामच्या ऑफिसात बाविसाव्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, मोठमोठ्या पगाराची माणसं ज्यावर तासभर बोलतात, ते या बाईने एका ओळीत बसवलं होतं.

मेश्राम मॅडम मूळच्या भंडाऱ्याच्या. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तीस वर्षं अनुवादक होत्या. इंग्रजी कागद हिंदीत, कधी मराठीत. निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान, मेश्रामसाहेब, दिल्लीतच, द्वारकेत राहिले, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. मुलगी नागपूरला. नोकरी संपली तरी मॅडमची सवय संपली नव्हती. सोसायटीच्या लिफ्टमध्ये एकदा सेक्रेटरीने नोटीस लावली, 'बच्चे और कुत्ते लिफ्ट में अकेले न छोड़ें, मालिक ज़िम्मेदार होगा.' दुसऱ्या दिवशी खाली पेन्सिलीने, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बच्चों का मालिक कौन?' सेक्रेटरीने आठवडाभर गुन्हेगार शोधला. मी ओळखलं होतं, पण बोललो नाही. पेन्सिलीला ब्लेडने इतकं लांब टोक आमच्या इमारतीत एकच माणूस काढत होतं.

कामाची त्यांची एक पद्धत होती. कुठलाही अवघड शब्द आला की समोरच्याला तो स्वतःच्या भाषेत सांगायला लावायचा, मधे इंग्रजी न घालता. मग ते आपण एका कार्डावर लिहायचं. मग लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि समोरच्याला त्यावरून मूळ शब्द ओळखता येतो का बघायचं. ओळखता आला नाही तर, "हे अजून बसलं नाही संजयभाऊ, पुन्हा सांगा." माझी बायको अनघा म्हणायची, लग्नाच्या चोवीस वर्षांत तुला इतका वेळ कुणी ऐकून घेतलं नसेल. खरंच होतं ते. माझ्या घरात माझं काम 'बाबा ॲड्स लावतात' या तीन शब्दांत संपायचं.

मॅडमना या विषयात रस येण्याचं कारण काठी होती. साहेबांसाठी त्यांनी एकदा फोनवर चालायच्या काठ्या बघितल्या, घेतली नाही काहीच. पुढे तीन आठवडे त्यांना काठ्याच दिसत राहिल्या. बातम्या उघडल्या तर काठी, भजन लावलं तर काठी.

"हे काय करून राहिले हो? मी कुणाला सांगितलंसुद्धा नाही."

मी रीमार्केटिंग म्हणजे काय ते सांगितलं. आपण एखाद्या दुकानाच्या पानावर गेलो की ते आपल्या फोनवर एक खूण ठेवतात, तिला कुकी म्हणतात. मग ती खूण बघून पुढे जाऊ तिथे तेच दाखवतात. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्या भंडाऱ्याचा बांगडीवाला. एकदा 'नको' म्हणालं की पूर्ण गल्लीभर मागे यायचा." मग कार्ड झालं. त्यानंतर रीच झालं: किती वेगवेगळ्या माणसांपुढे आली. फ्रीक्वेन्सी झाली: एकाच माणसापुढे किती वेळा आली. क्लिक झालं: 'बोट लावलं. मनापासून की चुकून, ठाऊक नाही.' त्यांच्या कार्डांवर 'ठाऊक नाही' फार वेळा यायचं. आमच्या ऑफिसच्या सादरीकरणात हे दोन शब्द मी आजवर पाहिलेले नाहीत.

साहेबांबद्दल सांगायला हवं. मेश्रामसाहेब सर्वेक्षणाच्या खात्यात होते. उंच, गोरे, शर्ट नेहमी खोचलेला. गेली दोन-तीन वर्षं त्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. सकाळी कधी आमची बेल वाजायची. दारात साहेब, बूट घातलेले, केस विंचरलेले.

"नमस्कार. मेश्राम आहेत का घरी?"

पहिल्यांदा मी गोंधळलो आणि, "तुम्हीच ना मेश्राम?" असं बोलून बसलो. साहेबांचा चेहरा एकदम उतरला. नंतर मॅडमनी मला शिकवलं, असं म्हणायचं नाही. त्या स्वतः समोरचं दार उघडून म्हणायच्या, "आहेत ना. या, बसा. येतीलच आता." साहेब आत जाऊन, पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेला बसायचे. मॅडम त्यांना पाहुण्यासारखाच चहा द्यायच्या, बशीसकट. थोड्या वेळाने साहेब पुन्हा घरचे व्हायचे.

एका गुरुवारी सकाळी मॅडम आंघोळीला गेल्या आणि साहेब गेले.

दाराला आतून वरची कडी असायची, ती त्या दिवशी राहिली. सोसायटीच्या कॅमेऱ्यात ते गेटमधून बाहेर जाताना दिसले, क्रीम रंगाचा स्वेटर, हातात जुनी चामडी फाइल. मेट्रोच्या कॅमेऱ्यात गाडीत चढताना दिसले. मग मंडी हाउस स्टेशनच्या गर्दीत दिसेनासे झाले. पोलिसांत तक्रार दिली, इस्पितळं फिरलो, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. शुक्रवारी सकाळी मॅडम आमच्याकडे आल्या. केस विंचरलेले, साडी नीट, हातात कार्डांचा गठ्ठा.

"संजयभाऊ, ह्यांची जाहिरात लावायची."

त्या दिवशी आमच्या जेवणाच्या टेबलावर जे काम झालं, तसं मी नोकरीत कधी केलं नाही. मी नेहमीच्या सवयीने विचारलं, "कन्व्हर्जन काय धरायचं?" आणि जीभ चावली. हा प्रश्न आम्ही साबण विकणाऱ्याला विचारतो.

मॅडमनी कार्ड शोधलं आणि वाचलं, "'कन्व्हर्जन: ज्यासाठी जाहिरात लावली, ते घडलं.' म्हणजे फोन. ज्याने ह्यांना पाहिलं त्याचा फोन. असा एक झाला की पुरे."

मजकूर त्यांनी लिहिला. माझ्या हातात असतं तर मी 'भावनिक आवाहन' केलं असतं. त्यांनी लिहिलं, 'हे मेश्राम आहेत. ह्यांना विसरायला होतं. "तुम्ही हरवलात का" असं विचारू नका, ते नाही म्हणतील. बसायला सांगा, चहा द्या आणि या नंबरवर फोन करा.' हिंदीत आणि मराठीत. नंबर त्यांनी फोटोवरच मोठा टाकायला लावला.

"फोटोवर नंबर असला की लोक क्लिक करणार नाहीत," मी म्हणालो.

"नका करू देत. फोन करू देत."

कुठे दाखवायची, यावर मी चार भाग केले: द्वारका, मध्य दिल्ली, गुरुग्राम, आणि मॅडमच्या आग्रहाखातर फरीदाबाद. "त्यांची पहिली पोस्टिंग फरीदाबादची," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या आधीची. हल्ली त्यांना त्याच्या पुढचं काही आठवत नाही. मीसुद्धा कधी कधी त्यांना ऑफिसातलीच कुणी वाटते." आणि त्यांनी स्वतःच्या फोनवर जाहिरातीचं आकड्यांचं पान बघायची परवानगी मागून घेतली. बदल मीच करायचे, त्या फक्त वाचणार.

फोन येऊ लागले. रोज पाच-सहा. कुणाला करोल बागेत दिसले, कुणाला राजीव चौकात. मी आणि अनघा आळीपाळीने मॅडमना घेऊन जायचो. प्रत्येक वेळी कुणी वेगळेच आजोबा निघायचे. मॅडम त्यांचीही विचारपूस करायच्या, त्यांच्या घरचा पत्ता विचारायच्या. एकाला तर आम्ही उत्तमनगरला घरी पोचवून आलो.

आता मंगळवारचं सांगतो.

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. मंगळवारी सकाळी आकडे उघडायचे. जे चालत नाही ते बंद करायचं आणि त्याच्या पैशाचा वाटा जे चालतंय त्यात ओतायचा. चालतंय की नाही हे बहुतेक एकाच आकड्यावरून ठरतं, क्लिक-थ्रू रेट: जितक्या वेळा जाहिरात पडद्यावर आली त्यातल्या किती वेळा कुणी बोट लावलं. मी हे इतकी वर्षं केलंय की विचार करावा लागत नाही. त्या मंगळवारी दोन मीटिंगांच्या मधे, उभ्या उभ्या, ऑफिसातल्या सात जाहिरातींबरोबर मी मॅडमची आठवी उघडली. गुरुग्राम जोरात होतं; तिथली तरुण पोरं प्रत्येक गोष्टीला बोट लावत होती. फरीदाबाद तळाला होतं. मी फरीदाबाद बंद केलं आणि सगळं गुरुग्रामकडे वळवलं. मग पुढच्या मीटिंगला गेलो. मॅडमना विचारायचं डोक्यातसुद्धा आलं नाही. खरं सांगतो, मला तेव्हा आपण काहीतरी चांगलं केलं असंच वाटलं.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघालो तर मॅडम लिफ्टपाशी उभ्या.

"संजयभाऊ, फरीदाबादपुढे तीन दिवस शून्य दिसून राहिलं. का बरं?"

मी लिफ्टचं बटण दाबलं. "बघतो," मी म्हणालो. "काहीतरी टेक्निकल असेल. कधी कधी होतं असं."

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, आणि लिफ्ट आली.

गाडीत बसल्या बसल्या मी फरीदाबाद सुरू केलं.

शनिवारी अकरा वाजता फोन आला. फरीदाबादच्या औद्योगिक भागात एका कारखान्याच्या गेटपाशी चहाची टपरी चालवणाऱ्या बाईचा, सरोज नाव. "आंटीजी, ये बाबा तो मेरे यहाँ रोज़ बैठते थे. फ़ाइल लेकर. कहते थे ड्यूटी पर हूँ." तीन दिवस आले नाहीत, पण गेटवरच्या गार्डला माहीत असेल, म्हणाली. पहिल्यांदाच कुणीतरी फाइलचं बोललं होतं. जाहिरातीत फाइल नव्हती.

मी गाडी काढली. मागे मॅडम आणि अनघा. वाटेत मी एकदा पेट्रोल भरायला थांबलो, तेवढंच. मॅडमनी साहेबांसाठी दुसरा स्वेटर, धुतलेला पायजमा आणि डब्यात तिखट पुऱ्या घेतल्या होत्या. त्या अनघाला साहेबांच्या फरीदाबादच्या दिवसांबद्दल सांगत होत्या: एका खोलीत चौघं राहायचे, साहेबांना वरण लावता यायचं नाही, एकदा कुकर छताला लागला होता. मी आरशात पाहिलं. त्या हसत होत्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

सरोज साधारण चाळीशीची. तिने आधी आम्हाला बाकावर बसवलं. साहेब बसायचे तोच बाक. "अदब वाले थे," ती म्हणाली. "चाय पीकर हर बार पूछते थे, साहब आ गए क्या?" मग ती मॅडमकडे वळून, अपराध्यासारखं बोलू लागली. मंगळवारी सकाळी साहेबांचा फोटो तिच्या फोनवर आला होता. ती भजी तळत होती. हात पुसेपर्यंत तो वर सरकून गेला. "मैंने सोचा फिर आएगा तो नंबर उतार लूँगी. दो दिन देखती रही, आया ही नहीं. कल शाम आया, तो बैटरी गई. आज लगाया." आणि साहेब? मंगळवारी दुपारीही येऊन बसले होते, ती म्हणाली. बुधवारी आले नाहीत.

मी बाकाची कड धरून बसलो होतो.

मग गार्ड आला. त्याने सांगितलं, बुधवारी सकाळी बाबा गेटपाशी पडले, अंग तापलेलं होतं, त्यानेच रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेलं. आम्ही तिथे गेलो. तिथल्या माणसाने वही बघितली, मॅडमकडे बघितलं, आणि उभा राहिला. साहेब आदल्या दिवशी पहाटे गेले होते. नाव माहीत नव्हतं म्हणून वहीत 'अज्ञात' लिहिलं होतं.

मॅडमनी ओळख पटवली. मग त्यांनी त्या माणसाकडे पेन मागितलं, 'अज्ञात'च्या पुढे स्वच्छ अक्षरात साहेबांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि वाचून दाखवलं. "बराबर?" त्यांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, "जी, बराबर."

साहेबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुलगी आली, नागपूरची माणसं आली. त्या गडबडीत मी जाहिरात बंद करायचीच विसरलो. मॅडमच्या फोनवर अजून फोन येत होते. एक मी ऐकला. पलीकडून कुणी मुलगी विचारत होती, "आंटी, अंकल मिल गए?" आणि मॅडम म्हणत होत्या, "हाँ बेटा, मिल गए. तुमने पूछा, थैंक्यू."

मी लॅपटॉप घेऊन गेलो. "बंद करतो आता."

"थांबा." त्यांनी आपला फोन पुढे धरला. "संजयभाऊ, ही फक्त माझ्या एकटीच्या फोनवर दिसेल असं ठेवता येतं का? बाकी कुणाला नको."

"नाही मॅडम. एका माणसासाठी लावता येत नाही. निदान काहीशे माणसं असावी लागतात."

"का?"

मला उत्तर माहीत होतं; कुणा एकाच माणसावर कुणी पाळत ठेवू नये म्हणून तसा नियम असतो. पण मी एवढंच म्हणालो, "तसा नियम आहे."

"मग बंदच करा. काहीशे लोकांना कशाला त्रास."

मी बंद केली. मग तिथेच, त्या बंद केलेल्या पानासमोर बसून, मी त्यांना मंगळवारचं सांगितलं. मी बंद केलं होतं, टेक्निकल वगैरे काही नव्हतं, मी खोटं बोललो. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बंद करताना त्यांचा फोटो समोर होता का?"

"नाही. नुसते आकडे होते."

"हं," त्या म्हणाल्या. "त्या पानावर फोटो नसतोच ना."

त्या मला माफ करत होत्या, की चूक नक्की कुठे झाली ते फक्त तपासून घेत होत्या, हे मला आजही कळलेलं नाही. मी अजून दर मंगळवारी आकडे उघडतो. नोकरी आहे. पण बंदचं बटण दाबायच्या आधी जाहिरात उघडून बघतो. टूथपेस्ट असते बहुतेक.

महिनाभरात फ्लॅट आवरून मॅडम मुलीबरोबर नागपूरला निघाल्या. सामान कॅबमध्ये गेलं, आम्ही खाली उतरलो, नमस्कार झाले. कॅब गेटपर्यंत गेली आणि थांबली. मॅडम उतरल्या. गेटशेजारच्या नोटीस बोर्डावर साहेबांचा कागद अजून होता, पहिल्या दिवशी आम्ही चिकटवलेला. उन्हाने पिवळा पडला होता, आणि त्याच्या निम्म्या भागावर कुणीतरी योगाच्या क्लासचा कागद लावला होता. मॅडमनी नखाने आधी योगाच्या क्लासची चिकटपट्टी सोडवली, तो कागद बाजूला नीट लावून दिला, मग साहेबांचा कागद एकेक कोपरा करत काढला. घाई केली नाही. मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. कागद न फाटता निघाला. तो उलटा सुलटा करून त्यांनी बघितला, पर्समध्ये ठेवला आणि गाडीत बसल्या. मागे वळून त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

वर आल्यावर मी अनघाला सांगितलं. महिनाभर हे तिला सांगितलं नव्हतं. मंगळवारचं, शुक्रवारी लिफ्टपाशी बोललेल्या खोट्याचं, सगळं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"फरीदाबादला जाताना तू पेट्रोल भरायला उतरलास ना, तेव्हा मॅडमनी सांगितलं. तुमच्या त्या पानावर कुणी काय केव्हा बदललं याची यादी असते म्हणे. मंगळवार, तुझं नाव, वेळ. शुक्रवारी सकाळी त्यांनी ती वाचली होती. मग तुला विचारायला आल्या."

"मग त्या बोलल्या का नाहीत मला? रागावल्या का नाहीत?"

"तेच मी विचारलं गाडीत. हसून म्हणाल्या, 'आधी साहेबांना घरी येऊ दे अनघा. मग संजयभाऊंना मी चांगलं झापणार आहे.'"